चिमणी पडली, विमान दोन वर्षांनी आलं

२३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. देशातला विमानांचा हा पहिला कारखाना. तो उभा करणारे वालचंद हिराचंद दोशी मूळचे सोलापूरचे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी त्यांचा जन्म याच गावात झाला. मोटारींच्या कारखान्याच्या खटपटीसाठी ते अमेरिकेला गेले होते. त्या प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली आणि मोटारी बाजूला राहून आधी विमानांचाच कारखाना निघाला. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं. १९४१ मध्ये हार्लो जातीचं पहिलं प्रशिक्षण विमान तिथे तयार झालं. वालचंदांच्या जन्मगावाहून मात्र प्रवाशांची नियमित, टिकाऊ विमानसेवा सुरू व्हायला त्यानंतर आणखी आठ दशकं जावी लागली. ती का लागली, हे सोलापूरकरांनी नीट समजून घ्यायला हवं. कारण या काळाची जी गोष्ट गावात सांगितली जाते, तिच्यात सगळा दोष साखर कारखान्याच्या एकाच चिमणीच्या माथी मारला जातो.

याच वालचंदांच्या आयुष्यात त्याआधी एक प्रसंग घडून गेला होता. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया या जहाज कंपनीची लॉयल्टी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. बोट ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेली, पहिल्या महायुद्धात तिच्यावर इस्पितळ चाललेलं. भारतीय मालकीच्या बोटीने थेट विलायत गाठायची, हा बेत होता. समुद्र ती सहज पार करू शकत होती. अडचण बंदरांत आणि बाजारात होती. या मार्गावर ब्रिटिश कंपन्यांची पकड होती आणि त्यांनी दर पाडून नव्या कंपनीला जेरीस आणलं. १९२३ च्या करारात सिंदियाला दूरच्या मार्गांवर पाणी सोडावं लागलं आणि किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरतं मर्यादित राहणं पत्करावं लागलं. लांबचा थेट मार्ग उघडताना खरी लढाई समुद्राशी किंवा आभाळाशी क्वचितच असते. ती करारांशी, दरांशी आणि परवान्यांशी असते. सोलापूरच्या विमानतळाचा इतिहास वाचताना हा १९१९ चा अनुभव मला वारंवार आठवतो.

सोलापूर हे दळणवळणावर वाढलेलं गाव. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची रेल्वे इथे पोचली. त्यानंतर दीड-दोन दशकांत जुनी मिल सुरू झाली आणि मुंबई-मद्रास लोहमार्गावरचं हे ठाणं गिरणगाव झालं. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, पण यंत्रमाग, चादरी, टॉवेल, गणवेशांचे कपडे आणि विडीवर गाव तगून राहिलं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर ही तीर्थस्थळं आसपास, त्यामुळे येणाऱ्यांची रीघ वर्षभर. इतकं असून टॉवेलचा परदेशी खरेदीदार आणायचा तर त्याला पुण्याला किंवा हैदराबादला उतरवून रस्त्याने चार-पाच तास आणायचं, अशी स्थिती वर्षानुवर्षं राहिली.

होटगी रस्त्यावरची धावपट्टी १९८० च्या दशकातली. लांबी दोन हजार मीटरच्या आसपास, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४८० मीटर. तिच्यावर बहुतेक वेळा उतरायची ती पुढाऱ्यांची आणि उद्योगपतींची खासगी विमानं. सर्वसामान्य माणसाला ती दिसली ती २०१० च्या आसपास, किंगफिशरचं एटीआर विमान मुंबईहून इथे येऊ लागलं तेव्हा. पंख्यांचं, सत्तरएक प्रवाशांचं ते विमान सोलापूरला मानवणारं होतं, कारण त्याला लांबलचक धावपट्टी लागत नाही. सेवा फार काळ चालली नाही. कंपनी कर्जात बुडत गेली, छोटे मार्ग एकेक करून बंद झाले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिचा परवानाच निलंबित झाला.

इथे थोडं थांबायला हवं. किंगफिशरचं विमान बंद पडलं तेव्हा सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीचं नाव अडथळा म्हणून कुणाच्या तोंडी नव्हतं. विमान थांबलं ते पैशाच्या कारणाने. पुढच्या दहा-बारा वर्षांच्या वादात ही गोष्ट गाव जवळजवळ विसरलं.

होटगी रस्त्याचा विमानतळ शहराने चहूबाजूंनी वेढला जाणार हे दिसत होतं. म्हणून हैदराबाद रस्त्यावर बोरामणीला मोठा, नवा विमानतळ करण्याची योजना पुढे आली. शेकडो हेक्टर जमीन संपादित झाली. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, मोबदला घेतला आणि मग वाट बघत बसले. प्रकल्पाच्या आराखड्यात वनखात्याची ३३.७२ हेक्टर जमीन येत होती आणि घोडं तिथे अडलं. सोलापूर म्हणजे माळढोक पक्ष्याचा जिल्हा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मधलं आणि एकेकाळी त्याची हद्द सोलापूर-अहमदनगर मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरची. पुढे ती बरीच आटोपशीर केली गेली. दरम्यान माळढोकच संपत आला, कधीमधी एखादा दिसला तर बातमी व्हावी इतका. गवताळ माळ हा पक्ष्याच्या दृष्टीने वाचवण्याचा आणि विमानतळाच्या दृष्टीने घेण्याचा. दोन्ही बाजूंचं म्हणणं खोटं नव्हतं. माळरान म्हणजे पडीक जमीन, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की तिथे जगणाऱ्या जिवांचा हिशेब प्रकल्पाच्या कागदावर सर्वात शेवटी येतो. बोरामणीत तो शेवटी आला आणि योजना अडकली. मग सगळ्यांचं लक्ष पुन्हा होटगी रस्त्याकडे वळलं.

२३ ऑगस्ट २०१६ रोजी महाराष्ट्राने केंद्राशी प्रादेशिक विमानसेवेचा करार केला. असा करार करणारं हे पहिलं राज्य. दहा विमानतळांच्या यादीत कोल्हापूर, शिर्डी, नांदेड, जळगाव, नाशिक यांच्याबरोबर सोलापूरही होतं. याच प्रादेशिक सेवेच्या उडान योजनेत २७ एप्रिल २०१७ ला नांदेडहून हैदराबादला विमान गेलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. पुढच्या वर्षी कोल्हापूरची पाळी आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये कलबुर्गीचा नवाकोरा विमानतळही सुरू झाला, सोलापूरपासून रेल्वेने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. सोलापूरचं नाव यादीत तसंच राहिलं. आता अडचण होती ती कारखान्याची.

कुमठे इथला श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना अप्पासाहेब काडादींच्या पुढाकाराने उभा राहिला. गावाच्या ग्रामदैवताचं नाव घेतलेला, उत्तर-दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागातल्या हजारो ऊस उत्पादकांचा. उसाच्या चिपाडावर वीज करून विकणं हे २००० नंतर साखर धंद्याचं मोठं आधारस्थान झालं. साखरेचा भाव कोसळला तरी विजेचे पैसे येतात आणि शेतकऱ्याचं बिल निघतं. म्हणून कारखान्याने ३८ मेगावॉटचा सहवीज प्रकल्प उभारला आणि त्याच्यासाठी सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी बांधली. चिमणी विमानतळाच्या जवळ. बांधकामाला महापालिकेचा परवाना नसल्याचा मुद्दा निघाला आणि वाद कायद्याच्या आखाड्यात उतरला.

चिमणी उंच होती म्हणजे नेमकं काय अडत होतं? १९४४ च्या शिकागो करारातून निघालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक विमानतळाभोवती अदृश्य पृष्ठभाग आखलेले असतात. धावपट्टीच्या टोकापासून उतार वर चढत जातो. यंत्रांच्या साहाय्याने उतरण्यासाठी तो साधारण दर ५० मीटर अंतराला १ मीटर इतका सपाट ठेवतात. म्हणजे ९० मीटर उंचीची वस्तू त्या उताराखाली राहायची तर ती धावपट्टीपासून साडेचार किलोमीटर तरी दूर हवी. विमानतळाच्या भोवती काही किलोमीटर पसरलेला आणखी एक आडवा पृष्ठभाग ४५ मीटर उंचीवर असतो. त्याच्या वर काही डोकावलं की ते अडथळ्यांच्या यादीत जातं. वैमानिक चिमणी बघून विमान वळवेल, असं गावात बरेच जण म्हणायचे. पण नियम केला जातो तो ढगाळ हवेसाठी आणि एक इंजिन बंद पडलेल्या विमानासाठी, जेव्हा वळवायला वाव नसतो. यात सोलापूरचं ऊनही मोजावं लागतं. एप्रिल-मे मध्ये तापमान ४२-४३ अंशांवर जातं, तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला तेच वजन घेऊन हवेत चढायला लांब धावपट्टी लागते. वर चढण्याचा वेग कमी झाला की समोरची उंच वस्तू आणखी जवळ येते. तेव्हा चिमणी हा खरा अडथळा होता, ती अफवा नव्हती, हे मला स्पष्टपणे सांगायचं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. चिमणी हा एकच अडथळा असल्यासारखं सगळं गाव वागलं.

आफ्रिकेतल्या देशांनी दूरच्या थेट विमानसेवेसाठी काय सोसलं ते पाहिलं की हा मुद्दा अधिक नीट कळतो. नैरोबीहून न्यूयॉर्कला थेट विमान २८ ऑक्टोबर २०१८ रोजी निघालं. केनिया एअरवेजकडे ड्रीमलायनर विमानं त्याआधीच होती, प्रवासीही होते. परंतु अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने केनियाच्या नियामक यंत्रणेला पहिल्या श्रेणीचा दर्जा द्यायला फेब्रुवारी २०१७ उजाडलं. तो मिळाल्यावर विमानतळाची सुरक्षा, प्रवाशांची तपासणी, मार्गाचे हक्क, अमेरिकी वाहतूक खात्याची मंजुरी असं एकामागून एक चालत राहिलं आणि आणखी दीड वर्ष गेलं. नैरोबी सोळाशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे तिथून पूर्ण इंधन घेऊन निघताना वजनाचं गणित काटेकोर बसवावं लागतं. इथिओपियन एअरलाइन्सचं घर अदिस अबाबा, उंची तेवीसशे मीटरहून जास्त. अमेरिकेला जाणारी तिची विमानं डब्लिन किंवा लोमेसारख्या ठिकाणी वाटेत उतरून इंधन घेत आली आहेत, येताना मात्र काही विमानं थेट येतात. आपणही यातून सुटलो नव्हतो. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेने भारताचा दर्जाही दुसऱ्या श्रेणीत खाली आणला होता. तो परत मिळाला एप्रिल २०१५ मध्ये आणि तोवर आपल्या कंपन्यांना अमेरिकेला नव्या फेऱ्या वाढवता आल्या नाहीत. मार्ग पंधरा तासांचा असो की सोलापूर-मुंबईसारखा तासाभराचा, परवाने, सुरक्षा, इंधन, प्रवासीसंख्या आणि कंपनीचं गणित या सगळ्या कड्या जुळाव्या लागतात. एक तुटली तरी विमान जमिनीवरच राहतं.

सोलापुरात वाद चिघळला तो शेवटच्या दोन-तीन वर्षांत. पाडकामाच्या हालचाली आधीही झाल्या होत्या आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे थांबल्या होत्या. २०२२ च्या अखेरीस सोलापूर विकास मंचाने जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर चक्री उपोषण सुरू केलं. डॉक्टर, उद्योजक, व्यापारी, आयटीत पुण्याला गेलेल्या मुलांचे आईवडील, असे सगळे त्या मांडवात येऊन बसत. त्यांची वेदना खरी होती. सोलापूरची पोरं शिकून बाहेर जातात आणि परत येत नाहीत, याचं दुःख या गावाच्या प्रत्येक घरात आहे. दुसऱ्या बाजूला ऊस उत्पादक सभासद, कारखान्याचे कामगार आणि कारखान्याची धुरा सांभाळणारे धर्मराज काडादी. त्यांचं म्हणणं असं की बोरामणीची जमीन घेऊन ठेवली आहे, मोठा विमानतळ तिथे करा, आमच्या कारखान्याच्या पोटावर का येता. दोन मोर्चे, दोन घोषणा, एकच शहर. गावातल्या गावात एवढी उभी फूट मी क्वचित पाहिली आहे. ऊसवाला आणि विमानवाला असे दोन पक्ष पडले आणि दोघांच्याही घरात एकमेकांचे नातेवाईक होते.

न्यायालयांचे दरवाजे कारखान्याने ठोठावले, पण अखेर दाद मिळाली नाही. महापालिकेने मुदत देऊन चिमणी काढून घेण्याचा आदेश काढला. मुदत संपली. १५ जून २०२३ रोजी मोठ्या पोलीस बंदोबस्तात, जमावबंदी लावून, चिमणी पाडण्यात आली. नऊ मजली इमारतीच्या तिप्पट उंचीचं ते बांधकाम क्षणार्धात जमिनीवर आलं. शहरात काही भागांत पेढे वाटले गेले, तर कुमठ्याच्या बाजूला लोक रडत होते. दोन्ही दृश्यं त्या दिवशी वाहिन्यांवर सोबतच दिसली.

त्यानंतरचा काळ फार कमी लोकांनी लक्षपूर्वक पाहिला, आणि माझ्या मते खरी शिकवण त्यातच आहे. आता विमान येणार, असं सगळे धरून चालले होते. धावपट्टीची डागडुजी, टर्मिनलचं नूतनीकरण, कुंपण, अग्निशमन, हवामानाची यंत्रणा, सुरक्षेचा बंदोबस्त, मग नागरी विमान वाहतूक संचालनालयाचा परवाना, या गोष्टींना वर्ष उलटून गेलं. २६ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान पुण्याला येऊन उद्घाटनं करणार होते, पावसामुळे तो दौरा रद्द झाला. २९ सप्टेंबरला त्यांनी दूरदृश्य प्रणालीने सोलापूर विमानतळाचं उद्घाटन केलं. वर्षाला ४ लाख १० हजार प्रवासी सांभाळता येतील अशी टर्मिनलची क्षमता जाहीर झाली. उद्घाटन झालं, पण विमान नव्हतं. फ्लाय ९१ या गोव्याच्या कंपनीने सेवेची तारीख जाहीर केली, ती पुढे ढकलली गेली. इंधनाची सोय हा त्या महिन्यांतला चर्चेचा विषय होता. इथे इंधन मिळणार नसेल तर विमानाला परतीचंही इंधन सोबत आणावं लागतं, त्या वजनाइतके प्रवासी कमी घ्यावे लागतात आणि आधीच पातळ असलेलं उत्पन्न आणखी पातळ होतं.

अखेर ९ जून २०२५ रोजी गोव्याच्या मोपा विमानतळावरून फ्लाय ९१ चं एटीआर विमान सोलापूरला उतरलं. केंद्रीय राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांच्या उपस्थितीत सेवा सुरू झाली. चिमणी पडल्याला तेव्हा दोन वर्षं पूर्ण व्हायला सहाच दिवस उरले होते. मुंबईसाठी आणखी चार महिने थांबावं लागलं. मुंबईच्या विमानतळावर उतरण्याची वेळ मिळवणं हे छोट्या विमानांसाठी नेहमीच अवघड असतं. तिकिटातून खर्च भरून निघेल याची खात्री कंपनीला नव्हती. म्हणून राज्य सरकारने तुटीची भरपाई देण्याचा निर्णय घेतला आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअरच्या विमानाने सोलापूर-मुंबई सेवा सुरू झाली, सोबत बंगळूरचीही. एम्ब्राएर जातीचं ते छोटं जेट ७६ आसनांचं.

मध्यंतरी सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू झाली होती, १० फेब्रुवारी २०२३ पासून, साडेसहा तासांच्या आसपास. विमानाला स्पर्धा आता तिच्याशी आणि रात्री निघून सकाळी मुंबईत सोडणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसशी आहे. छोट्या शहरांच्या विमानसेवा सुरू होण्याइतक्याच बंदही पटकन होतात, हे किंगफिशरने दाखवलं होतं. उडान योजनेतले बरेच मार्ग अनुदानाची मुदत संपली की थांबले, हाही देशभरचा अनुभव आहे. चिमणी पाडणं हा एक दिवसाचा निर्णय होता. विमानाच्या खुर्च्या रोज भरणं हे रोजचं काम आहे आणि ते गणवेशांच्या कारखानदारांनी, टॉवेलच्या निर्यातदारांनी, देवस्थानांनी, रुग्णालयांनी मिळून करायचं आहे.

आणि कारखान्याचं काय? सहवीज प्रकल्प कोलमडला, गाळपाचं आणि विजेचं उत्पन्न बुडालं आणि नव्या चिमणीचा प्रश्न समोर उभा राहिला. नुकसानभरपाईचा विषय मात्र सभांमधल्या घोषणांपलीकडे फारसा गेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये धर्मराज काडादी सोलापूर दक्षिणमधून अपक्ष म्हणून विधानसभेला उभे राहिले, भाजपचे सुभाष देशमुख जिंकले. निवडणुकीत चिमणीची आठवण निघाली. ज्यांच्या उसाच्या पैशातून ती चिमणी उभी राहिली होती, त्या सभासदांचं नुकसान विमानतळाच्या खर्चाच्या हिशेबात कुठल्याही खात्यावर लिहिलेलं नाही. बोरामणीच्या शेतकऱ्यांची जमीन अजून विमानतळाच्या नावाने पडून आहे, तिच्यावर ना धावपट्टी झाली ना पेरणी. होटगी रस्त्याला पुढेमागे मोठी विमानं हवी असतील तर धावपट्टी वाढवण्याचा प्रश्न येईलच, आणि तेव्हा पुन्हा कुणाची तरी जमीन, कुणाचं तरी घर किंवा कारखाना वाटेत येईल. त्यावेळी भरपाईचा आकडा आधी ठरवून, लेखी देऊन मग मोजणीची माणसं गावात पाठवावीत, एवढीच या तेरा-चौदा वर्षांतून निघणारी माझी मागणी आहे.